सरांसारख्या चालणाऱ्या मुली

सरांनी मुलाखतीत माझी चित्रं बघितलीच नाहीत. मी बदलापूरहून चांगली जाडजूड फाईल घेऊन गेले होते. त्यात निसर्गचित्रं होती, पोर्ट्रेट होती, कॉलेजात बक्षीस मिळालेली एक म्हैस होती. सरांनी फाईल बाजूला सारली आणि म्हणाले, "त्या दारापर्यंत जा आणि परत या." मी गेले, आले. "आता घाई असल्यासारख्या जा." गेले. "आता पोटात दुखतंय." भीतीने माझ्या पोटात खरंच गोळा आला होता, त्यामुळे ते बहुतेक छान जमलं. "एक तारखेपासून या," सर म्हणाले. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय विचारलं?" मी म्हटलं, "काही नाही, चालायला लावलं."

"नोकरीसाठी गेली होतीस की मुलगी दाखवायला?" आई म्हणाली.

आमचा कार्टूनचा स्टुडिओ उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये होता, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर. खाली मशिनं सुरू झाली की वर आमच्या कपातला चहा थरथरायचा. जिन्यात निळ्या दोऱ्यांचे तुकडे असायचे आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या ओढण्यांना चिकटून घरापर्यंत यायचे. सर अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि हा उद्योग काढला. कार्टूनच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आयुष्यभर माणसं काम करताना बघितली. कोण काम करतोय आणि कोण नुसतं दाखवतोय हे मला पाठीवरून कळतं. दुसरं मला काही येत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. कार्टून कंपनीच्या या मालकाला चित्र काढता येत नव्हतं, अजिबात. त्यांनी काढलेला माणूस मुळ्यासारखा दिसायचा. पण आम्ही काढलेलं काही हलताना बघितलं की ते लांबूनच ओरडायचे, "वजन कुठाय? वजन कुठल्या पायावर आहे त्याचं?" चेहरा काय, सगळेच काढतात, वजन काढा, असं त्यांचं म्हणणं. हे वजनाचं खूळ त्यांच्या डोक्यात चोवीस तास असायचं. बाजारात कोणी कापडाचा गठ्ठा पाठीवर घेताना दिसला की सर तिथेच, भर रस्त्यात, हात मागे करून नसलेला गठ्ठा उचलायचे. रिक्षावाल्यांना वाटायचं हा माणूस हात दाखवतोय. चार-चार रिक्षा येऊन थांबायच्या आणि शिव्या देत निघून जायच्या.

एकदा आमच्या घरी जेवायला आले होते. आईने गॅसवरून कुकर उतरवला आणि सर ताटावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात. "वहिनी, तो कुकर परत एकदा उतरवा बघू."

"अहो, उतरवलाय तो. भात झालाय."

"हो हो, पण परत एकदा. तुम्ही कंबर आधी वळवता, हात नंतर."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. शेवटी बिचारीने गरम कुकर परत गॅसवर चढवला आणि परत उतरवला. त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरी कुकर उतरवताना आई हसू दाबायची. माझं लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्याला स्टुडिओत घेऊन गेले, तर सरांनी त्याचं नाव-गाव काही न विचारता त्याला खालच्या पानपट्टीपर्यंत पाठवलं, स्वतः खिडकीत उभे राहिले आणि मला म्हणाले, "मुलगा बरा आहे. टाच नीट टेकवतो." माझ्या वडिलांनी पत्रिका बघितली होती. मला विचाराल तर सरांची पद्धत जास्त भरवशाची निघाली.

आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्यांची कामं करत आलो होतो. परदेशातली एखादी मालिका असायची, मुख्य चित्रं तिकडून यायची आणि दोन चित्रांमधली हालचाल भरायला आमच्याकडे. नाही तर मसाल्याच्या जाहिरातीतली नाचणारी मिरची. दुसऱ्यांच्या लग्नात पंगती वाढणारे वाढपी होतो आम्ही. आपल्या घरचं कार्य कधी निघालंच नव्हतं.

ते निघालं मतदानाच्या दिवशी. सर अंबरनाथला एका मुलींच्या शाळेत मत द्यायला गेले. तिथल्या खोलीत मतदानाचे कर्मचारी एका टेबल टेनिसच्या टेबलावर याद्या, शाई आणि आपले डबे मांडून बसले होते. बाहेर फाटकाशी पाच मुली हातात बॅटी घेऊन उभ्या. सरांनी विचारलं, "सुट्टी असून इथे काय करताय?" त्यांतली एक म्हणाली, "टेबल कधी सुटतंय बघायला आलोय. आठवड्यावर मॅच आहे." संध्याकाळपर्यंत टेबल सुटणार नव्हतं आणि हे त्यांना माहीत होतं, तरी त्या थांबल्या होत्या. सर बोटाची शाई वाळायच्या आत स्टुडिओत आले. "आपली सिरियल सापडली," म्हणाले. "मुलींच्या शाळेची टेबल टेनिसची टीम. एकच टेबल आणि त्यावर सगळ्या गावाचा डोळा. कधी मतदान, कधी हळदीकुंकू, कधी दहावीचे पेपर. आणि या पाच जणी."

मुलांच्या चॅनेलमधल्या एका मॅडमशी सरांची ओळख होती. त्या म्हणाल्या, "एक एपिसोड दिखाइये. अच्छा लगा तो पूरी सिरीज लेंगे, नहीं तो नेक्स्ट इयर देखेंगे." पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे सरांना बरोबर कळत होतं. त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, "हे झालं तर जन्मात एक काम आपलं झालं. नाही झालं तर मी हे बंद करणार. मला आता दुसऱ्यांच्या मिरच्या नाचवायच्या नाहीत."

काम कसं चालायचं ते सांगते. सर नक्कल करायचे, माझा सहकारी किरण मोबाईलवर शूट करायचा आणि ते बघून आम्ही मुली काढायचो. पाचही मुली सरच. कॅप्टन सर, तिच्यावर जळणारी सर, रडकी सर. साठीला टेकलेला, पोट बेल्टच्या वर आलेला हा गृहस्थ हातात बॅट घेऊन दिवसभर खोलीत उड्या मारायचा. खालून आमचे घरमालक, एक सिंधी आजोबा, धापा टाकत वर यायचे. "साईं, कार्टून बनाते हो कि कबड्डी खेलते हो? नीचे कारीगर लोग डरते हैं, छत गिरेगी!" सर त्यांना म्हणायचे, "साईं, आप जरा गुस्से में वापस सीढ़ी चढ़के आओ ना, वो कंधा बहुत अच्छा था." मालक हात जोडून निघून जायचे.

एपिसोड पूर्ण झाला, रंग लागले, संगीत आलं. मॅडमना पाठवायला अजून तीन-एक आठवडे होते. आम्ही पेढे आणायच्या गोष्टी करत होतो, पण सर म्हणाले, "ज्यांचं आहे त्यांना आधी दाखवू." मग त्या शाळेच्या पाच मुली आणि त्यांच्या पी.टी.च्या बाई स्टुडिओत आल्या. पडदा लावला, वेफर्स ठेवले, दिवे घालवले.

पहिली काही मिनिटं शांतता होती. मग कुठेतरी फिस्स झालं. मग दुसरीकडे. मग एक मुलगी तोंडावर रुमाल दाबून चक्क खाली बसली. बाई डोळे वटारत होत्या, पण त्यांचेही खांदे हलत होते. यात विनोदी काय आहे हे आम्हाला कळेना. हा तर हरण्याचा प्रसंग होता, इथे आम्हाला स्वतःला रडू आलं होतं. दिवे लागले तसे सरांनी विचारलं, "काय झालं? सांगा, मी रागावणार नाही."

कॅप्टन मुलगी धीट होती. म्हणाली, "काका, खरंच रागावू नका हं. पण ह्या सगळ्या मुली ना, काकाच वाटतात."

"म्हणजे?"

तिने उठून करून दाखवलं. सर्व्हिस करायच्या आधी डाव्या मनगटाने पॅंट वर ओढली, जी तिने घातलीच नव्हती. पडलेला बॉल उचलायला वाकली तर एक हात गुडघ्यावर आणि तोंडाने "हं". पॉइंट मिळाल्यावर फाईलवर सही करावी तशी सावकाश मान हलवली. बाकीच्या चौघी लोळायच्या बाकी होत्या. आणि मला एकदम दिसलं. महिनोन्महिने आम्ही सरांच्या अंगातली हालचाल उचलून तेरा वर्षांच्या पोरींच्या अंगावर चढवली होती. फ्रॉकातल्या मुलीने पॅंट का ओढावी हा प्रश्न स्टुडिओतल्या एकाही शहाण्याला पडला नव्हता. सर आम्हाला इतके सवयीचे झाले होते.

सरांचा चेहरा बघवत नव्हता. "परत कर बघू," ते त्या मुलीला म्हणाले. तिने परत केलं. मग सर स्वतः उठले, बॅट घेतली, सर्व्हिसचा पवित्रा घेतला, आणि त्यांचं डावं मनगट आपोआप कमरेकडे गेलं. ते तिथेच थांबले. "किरण, हे मी करतो?"

"रोज, सर," किरण म्हणाला.

साऱ्या जगाची चाल पाठ असलेल्या माणसाने स्वतःची कधी बघितलीच नव्हती. मुली बिचाऱ्या आपापल्या जागी जाऊन बसल्या. सर त्यांना म्हणाले, "वेफर्स संपवा. फार मोठं काम केलंत." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मुली गेल्यावर मी सरांशी भांडले. म्हटलं, आहे ते पाठवू या. मॅडमना काय कळणार आहे? कळलं तर म्हणू, ही आमची स्टाईल आहे. एवढा रंगवलेला एपिसोड आता कसला बदलताय? सर म्हणाले, "त्या पाच जणींना खोटं वाटलं ना? मग ते खोटंच." झालं. यापुढे ब्रह्मदेव आला असता तरी उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलींनाच बोलावलं. किरणने मोबाईल रोखला आणि सगळ्यांच्या अंगात हिरॉइन शिरली. कोणी केस उडवते, कोणी बॉल मारायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघून हसते. रील करायची सवय, दुसरं काय! सर डोक्याला हात लावून बसले. "कोणी बघतंय म्हटलं की माणूस लगेच दुसराच होतो," म्हणाले.

मग त्यांनी काय करावं? शाळा सुटल्यावर ते सरळ त्या टेबलाशी गेले. मोबाईल खिडकीच्या गजात अडकवून टाकला आणि स्वतः बॅट घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. "चला, एकेक जण या. मी हरलो तर वडापाव."

सरांना टेबल टेनिस येत नव्हतं. म्हणजे चित्र जितपत येत होतं तितपत. बॉल त्यांच्या पोटाला लागायचा, चष्म्याला लागायचा, एकदा शर्टाच्या खिशातच जाऊन बसला. मुली आधी लाजत होत्या, मग हसायला लागल्या, मग हसता हसता खेळायला लागल्या आणि मोबाईल साफ विसरल्या. कॅप्टन सर्व्हिसच्या आधी जाळीजवळ टेबलाला तळहात पुसायची. एक जण फटका मारताना पाय असा आपटायची की खिडकीची काच वाजायची. दुसरी खांद्याने गालावरचे केस मागे सारायची, कारण दोन्ही हात कामात असायचे. आम्हाला घरी बसून जन्मात हे सुचलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात सरांना हरण्याचा खरंच राग यायला लागला. "तिची सर्व्हिस नियमात बसत नाही," अशी तक्रार ते माझ्याकडे करायचे. वडापाव मात्र रोज द्यायचे.

पाचवी मुलगी टेबलाशी यायचीच नाही. कोपऱ्यात उभी राहून बॉल गोळा करायची. सरांनी तिला बोलावलं तर म्हणाली, "मी नाही काका. मी राखीव आहे."

"कोणी सांगितलं?"

"एकच टेबल आहे ना. चौघींनाच पुरत नाही. बाई म्हणतात, कोणी आजारी पडलं तर तुला घेऊ. पण कोणी पडतच नाही."

"मला पाचही हव्यात," सर म्हणाले. "माझ्या सिरियलमध्ये राखीव कोणी नाही. ये."

ती आली. सुरुवातीला बॅट कशी धरावी तेही विसरल्यासारखी उभी राहिली. मग बॉल सुरू झाला आणि ती चवड्यांवर आली. बॉल कुठे पडणार हे तिला आधीच कळल्यासारखं तिचं अख्खं अंग त्या बाजूला कलायचं, हात शेवटी. कोपऱ्यात उभं राहून दोन वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? नुसते बॉल बघितले होते. सरांना तिने एकही पॉइंट दिला नाही. खेळून झालं की बॅट ठेवून ती परत कोपऱ्यात जायची. तिला कोणी काही म्हटलं नाही, कारण आम्ही सगळे मोबाईलमधलं कसं आलंय ते बघण्यात गुंग होतो.

दिवस संपत आले. आमच्या कामात आधी कच्च्या रेषांत हालचाल काढतात, मग रेषा साफ करतात, मग रंग भरतात. आमच्या कच्च्या रेषासुद्धा पुऱ्या झाल्या नव्हत्या. शेवटच्या मॅचचा शेवटचा पॉइंट राहिलाच. सरांनी मॅडमकडे चार दिवस मागितले, त्या म्हणाल्या जमणार नाही. आता दोनच वाटा होत्या. रंगीत, देखणा, खोटा एपिसोड पाठवायचा, नाही तर हा कच्चा, करडा, अर्धवट. मी सरांना हात जोडले. सरांनी कच्चा पाठवला.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. सरांनी स्पीकर लावून टेबलावर ठेवला, आम्ही भोवती उभे. खाली मशिनं चालू होती आणि फोन टेबलावर थरथरत होता.

"सर, इसमें कलर तो हैही नहीं," मॅडम म्हणाल्या.

"नाहीये, मॅडम. लेकिन लड़कियां हैं."

मग मॅडम म्हणाल्या, "मैंने घर पे लगाया था. मेरी बेटी दो दिन से दिमाग खा रही है. वो लास्ट पॉइंट कौन जीता?"

सर म्हणाले, "अजून काढलाच नाही."

"तो निकालिए ना!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "निकालिए, रंग भरिए, और आगे का भी लिखना शुरू कीजिए."

किरणने उडी मारली. मी रडले, लपवत नाही. सर खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं. आयुष्यभर सगळ्यांना वजन कुठाय विचारणाऱ्या माणसाला स्वतःचं कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. घरमालक वर आले, काय झालं म्हणून. सरांनी त्यांना मिठी मारली. "साईं, मुझे छोड़ो, नीचे चाय बोलता हूं," मालक म्हणाले. पण त्यांनीही सोडलं नाही.

रंग लागलेला एपिसोड परत त्या पाच जणींनाच आधी दाखवला. या वेळी कोणी हसलं नाही. कॅप्टन पुढे सरकून बसली होती. "ही मी, ही मी," असं शेजारणीला कोपराने सांगत होती. केस सारणारी मुलगी दिसली तेव्हा जिचे केस होते ती लाजली. मग शेवटचा पॉइंट आला. सरांनी तो पाचव्या मुलीला दिला होता. पडद्यावर ती चवड्यांवर आली, तिचं अंग कललं, हात सगळ्यांत शेवटी गेला आणि बॉल टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्याला घासून गेला. पॉइंट तिचा.

दिवे लागले. पाचवी मुलगी उभी होती. ती कधी उभी राहिली ते कोणालाच कळलं नव्हतं.

"मी अशी खेळते?" तिने विचारलं. कोणाला ते नक्की नाही, पडद्यालाच विचारलं असेल. "मला वाटायचं मला येतच नाही."

मग ती वळून बाईंना म्हणाली, "बाई, मग मला पण खेळवा ना."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग रिकाम्या पडद्याकडे बघितलं. "सोमवारी बॅट घेऊन ये," म्हणाल्या. "आधी तू खेळायचं. बॉल बाकीच्या उचलतील."

ती मुलगी जिना कशी उतरली ते मला सांगता येणार नाही. एकेक पायरी सोडून उतरली असावी, कारण खालच्या कारागिरांनी वर बघितलं. सर खिडकीत गेले आणि ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहिले.

"किरण, हे घेतलंस का रे?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

किरणचा मोबाईल खिशात होता. "नाही, सर."

आता ओरडा बसणार म्हणून आम्ही दोघं उभे राहिलो.

"राहू दे," सर म्हणाले. "ते तिचं आहे."